ट्यूबलाइटखाली पट्टे का सरकतात?

प्रश्न : भावाचा जुना डीएसएलआर मिळालाय. आजीच्या पुरणपोळ्यांचे छोटे व्हिडिओ करतेय, पण चित्रात पट्टे सरकतात आणि आवाज लांबून आल्यासारखा येतो. काय चुकतंय?

उत्तर : पट्टे ट्यूबलाइटमुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मेनूत व्हिडिओसाठी ‘पाल’ (PAL) पद्धत निवडा, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि मॅन्युअल मोडवर शटर १/५० करा. मग शटरला हात लावू नका. उजेड कमी-जास्त वाटला तर आयएसओ किंवा अ‍ॅपर्चर बदला. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको, नाहीतर तीच पोळी मध्येच पिवळी, मध्येच निळसर दिसेल.

जुन्या कॅमेऱ्यांत चित्रण चालू असताना ऑटोफोकस चाचपडतो, शिवाय लेन्सची घरघर आवाजात उतरते. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून आजीच्या बोटांवर फोकस जुळवा आणि लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकवा.

आवाजासाठी मात्र कॅमेऱ्यावर विसंबूच नका. मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून तो आजीजवळ, ओट्यावर टॉवेलच्या घडीवर ठेवा. पंखा बंद. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंग करताना मोबाइलचा आवाज त्या टाळीवर चित्राशी जुळवता येतो. चित्र थोडं हललं तर चालेल, पण लाटता लाटता आजी कणीक किती सैल हवी ते सांगते, त्यातला शब्दही हरवायला नको.