गाडीच्या रंगाची निगा : कंपाउंड, पॉलिश आणि मेण



या सदरात आपण आजवर बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे उसाचेच विषय पाहिले. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. दसरा तोंडावर आला आहे. ट्रॅक्टर, जीप, मोटारगाडी धुऊन-पुसून, हार घालून पूजा करण्याची आपली रीत. त्याआधी गाडी ‘घासून चकाचक’ करून आणण्याची लगबग गावोगाव सुरू होते. गट कार्यालयात आलेले सभासद विचारतात, “साहेब, कंपाउंड मारून घेऊ का नुसतं वॅक्स लावू?” शिवाय काही सभासदांची मुले तालुक्याच्या गावी गाड्या धुण्याचे व पॉलिशचे दुकान टाकण्याच्या विचारात आहेत. कर्ज काढून मशीन घेण्याआधी त्यांनाही चार गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हा लेख.

सगळ्याचे सार आधीच सांगतो. घासल्याने रंग कमी होतो आणि मेणाने रंग झाकला जातो. ही दोन कामे निरनिराळी आहेत. कमी झालेला रंग कितीही महागाचे मेण लावले तरी परत येत नाही. शेतातली वरची सुपीक माती वाहून गेल्यावर जी गत होते, तीच इथे.

रंगाचे थर किती जाड?

आजच्या मोटारगाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. खाली गंज रोखणारा प्रायमर, त्यावर मधला भराव, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर रंगहीन असा क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. त्यात वरचा क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या कागदाएवढा. उन्हापासून खालच्या रंगाचा बचाव तोच करतो. जोरकस कंपाउंड एकदा मारले की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. दर दसऱ्याला मशीनने घासून घेणारा माणूस दर वर्षी आपल्या गाडीचे आयुष्य थोडे थोडे पुसून टाकत असतो. क्लिअर कोट संपला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात. मग पुन्हा रंगकामाशिवाय इलाज नाही.

जुन्या जीपा व बरेचसे ट्रॅक्टर यांवर क्लिअर कोट नसतो, एकाच जातीचा इनॅमल रंग असतो. तो उन्हाने पांढरा पडतो आणि हात लावला की भुकटी निघते. ओळखायचे कसे? पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात हलके चोळावे. फडक्याला रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही असे समजावे.

आधी रोग ओळखा, मग औषध

माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवू नये हे आपण नेहमी सांगतो. इथेही तसेच आहे. गाडी स्वच्छ धुऊन, वाळवून, सावलीत उभी करून तपासावी.

(१) हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हलके फिरवावा. कणकण लागली तर रंगात धूळ, लोखंडाची कीस, डांबर रुतलेले आहे. त्यासाठी कंपाउंड नको. बाजारात ‘क्ले’ नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून ती हलकेच फिरवली की हा कचरा निघतो. वडी जमिनीवर पडली तर ती वापरू नये.

(२) उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले, तर ते मळक्या फडक्याने पुसल्याचे आहेत. हे पॉलिशने निघतात.

(३) ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. तो पूर्ण घालवण्याच्या नादात आजूबाजूचा रंग संपेल. त्याला रंगाचा ठिपका देऊन गंज थांबवावा आणि पुढे जावे.

(४) बंपरचे खडबडीत काळे प्लॅस्टिक व मॅट रंग यांना पॉलिश किंवा साधे मेण लावू नये. प्लॅस्टिकवर पांढरे डाग राहतात आणि मॅट रंगाचा पोत बिघडतो.

कंपाउंड व पॉलिश

दोन्हींत घासणारे बारीक कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. फरक कणांच्या भरडपणाचा आहे. रबिंग कंपाउंड जास्त कापते, पॉलिश कमी कापते आणि चकाकी आणते. काही मालातले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. तो माल पुरेसा वेळ फिरवला नाही तर धूसर खुणा मागे राहतात. काहींचे कण शेवटपर्यंत तेवढेच राहतात. डब्यावरची सूचना वाचूनच वापरावा.

निवडीचा नियम एकच : सर्वांत सौम्य मालापासून सुरुवात. दोन वितींचा चौकोन चिकटपट्टीने आखून तिथे आधी बारीक पॉलिश करून पाहावे. तेवढ्याने भागले तर संपूर्ण गाडीला तेच. नाही भागले तरच एक पायरी वर जावे. कंपाउंड वापरलेच, तर त्यानंतर बारीक पॉलिश करणे भाग आहे, नाहीतर उन्हात कंपाउंडच्या खुणा दिसतात.

एक फसगत सांगून ठेवतो. काही मालात तेल व भराव घातलेला असतो. तो ओरखड्यात बसतो आणि गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते. दोन-तीन धुण्यांत ओरखडे पुन्हा हजर! काम खरे झाले का हे पाहायचे तर पाणी घालून पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून उन्हात पाहावा. दुकानदाराने यास नकार दिला तर काय समजायचे ते समजावे.

मशीन कोणते?

पॉलिशची मशीने मुख्यतः दोन जातींची. रोटरी मशीनची तबकडी एकाच केंद्राभोवती गरगर फिरते, साधारण मिनिटाला ६०० ते ३,००० फेरे. ते झपाट्याने कापते, पण एकाच जागी रेंगाळले की रंग तापवून जाळते. कसलेल्या हातातच ते शोभते. दुसरे ड्युअल ॲक्शन मशीन. त्याची तबकडी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहान कक्षेत डोलते. जास्त दाब पडला तर तबकडीचे फिरणे मंदावते किंवा थांबते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. काम थोडे सावकाश होते, पण नवशिक्याच्या हातून नुकसान होण्याचा धोका बराच कमी. दुकान टाकणाऱ्या मुलांनी पहिले मशीन हेच घ्यावे आणि हात बसेपर्यंत भंगारातल्या बॉनेटवर सराव करावा.

वेल्डिंगच्या दुकानातला अँगल ग्राइंडर मात्र कदापि नको. तो मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतो. मागच्या हंगामात एका सभासदाची दोन वर्षांची गाडी अशाच ग्राइंडरला लोकरीचा पॅड बसवून घासली गेली. बॉनेटच्या कडेवरचा रंग उडून खालचा करडा प्रायमर उघडा पडला. तीन-चारशे रुपये वाचवण्याच्या नादात सगळे बॉनेट नव्याने रंगवावे लागले.

पॅडचेही तसेच. लोकरीचा पॅड सर्वांत जास्त कापतो, कडक फोम मध्यम, मऊ फोम शेवटच्या चकाकीसाठी. प्रत्येक मालाला वेगळा पॅड ठेवावा. कडा आणि कंगोरे यांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावावी. पत्रा थंड असावा, काम सावलीत करावे. ओल्या जमिनीवर वीजमशीन चालवू नये, अर्थिंग तपासून घ्यावे आणि नाकाला रुमाल नव्हे तर धुळीचा मास्क बांधावा.

मेण कशासाठी?

मेण ओरखडा काढत नाही. ते पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांना रंगापर्यंत लवकर पोचू देत नाही. गाडीच्या मेणात नावाजलेले आहे ते कारनौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते काढतात. त्याचा द्रवणांक सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियस आहे, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. कारनौबा फार कडक व ठिसूळ, म्हणून डबीत ते तेल, द्रावक व मऊ मेणे मिसळून येते. त्याचा थर काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने टिकतो. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त काळ टिकते. सिरॅमिक कोटिंग आणखी टिकाऊ आणि महागही. पण त्याखाली जो ओरखडा राहील तो तसाच कोंडला जातो, म्हणून आधीची तयारी चोख हवी. रोज शेतात, फडात जाणाऱ्या गाडीला माझ्या मते साधे मेण किंवा सीलंट पुरे. ते वेळच्या वेळी लावले म्हणजे झाले.

ज्या भागाला नव्याने रंग द्यायचा आहे तिथे मेण किंवा सिलिकॉनचे पॉलिश लावू नये. नवा रंग त्यावर धरत नाही, खड्डे पडतात. पेंटर त्यांना ‘फिश आय’ म्हणतात.

आता आपल्या घरची गोष्ट. उसाच्या कांड्यावर, विशेषतः पेऱ्याच्या खाली, जी पांढरी भुकटी बोटाला लागते ती मेणच. उसातले पाणी वाफेने उडू नये म्हणून निसर्गाने दिलेले हे पॉलिश! गाळपात यातला काही भाग रसाबरोबर जातो आणि शेवटी प्रेसमडमध्ये उतरतो. प्रेसमडमधून द्रावकाने ते वेगळे काढता येते. मात्र कच्चे मेण काळपट व तेलकट असते, शुद्ध केल्याशिवाय पॉलिशच्या कामाचे नाही. तेव्हा प्रेसमड शेतातच घाला, गाडीवर चोळू नका.

आपल्या भागातील खास शत्रू

चिमणीतून पडणारी बगॅसची राख पत्र्यावर साचते. तिच्यात सिलिका भरपूर, म्हणजे ती बारीक वाळूच. कोरड्या फडक्याने पुसली की जाळीदार ओरखडे आलेच. आधी भरपूर पाणी मारावे, मग हात लावावा. उसाचा रस सांडला तर आंबण्याआधी, त्याच दिवशी धुवावा. खताच्या पोत्यांचे मीठ ओल धरते आणि जिथे रंग उडाला आहे तिथे गंज चढवते. बोअरचे क्षारयुक्त पाणी अंगावर वाळू देऊ नये, डाग राहतात. ट्रॅक्टर डिझेलच्या फडक्याने पुसण्याची सवय सोडावी. तासभर चकाकी दिसते, मग धूळ चिकटते आणि रबरी भाग फुगतात. खोबरेल तेलाचीही तीच कथा. कपड्याच्या सोड्याने मेण धुऊन जाते, म्हणून गाडीचा शांपू वापरावा.

दसऱ्यापूर्वीचा क्रम

१. पाण्याने राख-चिखल सैल करून शांपूने वरून खाली धुणे. चाकांचे फडके वेगळे.
२. मऊ, स्वच्छ फडक्याने वाळवणे.
३. पिशवीची परीक्षा, गरज असेल तरच क्ले.
४. ओरखडे त्रास देण्याइतके असतील तरच बारीक पॉलिश. नसतील तर ही पायरी गाळावी.
५. मेणाचा पातळ थर, थोडे सुकू देऊन पुसणे. जाड थराने जास्त फायदा होत नाही, पुसायचे कष्ट मात्र वाढतात.

यातली चौथी पायरी दर वर्षी करायची नाही. पाचवी वर्षातून निदान दोनदा करावी, पावसाळ्यापूर्वी आणि हंगामापूर्वी. गाडी घासायला देताना आधी विचारावे, “कोणतं मशीन, कोणता माल, आणि आधी एका कोपऱ्यात करून दाखवाल का?” एवढे विचारणाऱ्या मालकाच्या गाडीचा रंग सहसा कोणी उगाच कापत नाही.

ट्रॅक्टर आणि गाडी आपण उसाच्या बिलावर, सोसायटीच्या कर्जावर घेतो. हप्ते फिटेपर्यंत तरी तिचा रंग टिकला पाहिजे आणि विकायच्या वेळी चार पैसे जास्त आले पाहिजेत. काही शंका असल्यास गट कार्यालयात जरूर विचाराव्यात. सर्वांना दसऱ्याच्या व येत्या गळीत हंगामाच्या शुभेच्छा.

— ऊस विकास अधिकारी