समुद्रातील औषधे : दावा आणि पुरावा

पालकसभेस येणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी एखादी बाटली पुढे करून आम्हांस विचारते, "सर, हे समुद्रातले आहे, नैसर्गिक आहे, घरच्या आजारी माणसाला द्यावे काय?" आमचा विषय इतिहास, औषध सुचविण्याचा अधिकार आमचा नव्हे. मात्र समुद्रातील पदार्थ औषध कसा ठरतो यालाही इतिहास आहे आणि तो प्रत्येक पालकास ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

स्पंज हा वनस्पतीसारखा दिसणारा, एका जागी चिकटून राहणारा प्राणी. वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञांना फ्लोरिडाच्या समुद्रातील एका स्पंजात काही अनोखी संयुगे आढळली. १९५०-५१च्या सुमारास त्यांनी ती जगापुढे मांडली. आपल्या पेशीतील डीएनए ज्या घटकांचा बनतो त्यांसारखीच ती होती, फक्त त्यांतील शर्करा निराळी होती. हा नमुना समोर ठेवून १९५९ साली प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झाले. वाढणारी पेशी त्यास आपलाच घटक समजून स्वीकारते आणि तिच्या डीएनएची नक्कल अडते. १९६९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. म्हणूनच उपचार चालू असता रुग्णाचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले जाते. स्पंज वाटून प्याल्याने यातले काहीही साधले नसते, हे निराळे सांगणे नको.

दुसरी कथा विषाची आहे. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख पाठीवर वागविणारी एक समुद्री गोगलगाय भाल्यासारख्या पोकळ दाताने मासा टोचते आणि क्षणात त्यास लुळा करते. तिच्या काही जातींच्या दंशाने माणसेही दगावली आहेत. (सहलीत किनाऱ्यावर सापडलेला जिवंत शंख मुलांनी हाती घेऊ नये, हे जाता जाता.) फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांनी हे विष अभ्यासास घेतले, कारण मायदेशी महाग उपकरणे नव्हती आणि शंख मात्र विपुल होते. पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात त्यांच्या हाताखाली मायकेल मॅकिन्टॉश नावाचा, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण काम करू लागला. त्याने या विषातून २५ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली. मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या टोकांशी कॅल्शियमचा जो मार्ग असतो, तो ती बंद करते. त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. तिचीच कृत्रिम प्रत म्हणजे झिकोनोटाइड. २००४च्या डिसेंबरात त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ गेला. हे औषध गोळीने घेता येत नाही, पंपाद्वारे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. इतर उपायांनी न शमणाऱ्या तीव्र वेदनांसाठीच ते राखलेले आहे, कारण त्याने भ्रम होऊ शकतो आणि मनोविकार उफाळू शकतात.

आता बाटलीकडे वळू. १९९२ साली अमेरिकेत एक पुस्तक निघाले : शार्कला कर्करोग होत नाही, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. त्यावर शार्कच्या कूर्चेची भुकटी जोरात खपली. वास्तविक शार्कला गाठी होतात, कर्करोगही होतो, आणि त्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा भुकटीचा लाभ दिसला नाही. पैसा गेलाच, पण ज्यांनी तिच्या भरवशावर उपचार लांबविला त्यांचा वेळही गेला, आणि कर्करोगात गेलेला वेळ भरून निघत नाही.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांविषयीही आम्हांस विचारले जाते. सुमारे २६,००० अमेरिकी प्रौढांवर झालेल्या आणि २०१८ साली जाहीर झालेल्या चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या नाहीत. रक्तातील विशिष्ट चरबी फार वाढली असता डॉक्टर ओमेगा-३ची औषधे मोठ्या मात्रेत देतात, परंतु तो निर्णय रक्ततपासणी पाहून होतो. जेवणातला बांगडा किंवा तारली मात्र कोणी सोडण्याचे कारण नाही.

तेव्हा अशी बाटली हाती आली तर विक्रेत्यास विचारावे : हे कोणत्या आजारावर, किती रुग्णांवर तपासले आणि निष्कर्ष कोठे छापला? आणि चालू असलेले औषध, डॉक्टरांना विचारल्यावाचून, एक दिवसही थांबवू नये.