ऑक्टोबर १९६२ : योगायोग की साधलेली वेळ?

प्रश्न : १९६२ साली क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चीनने आपल्यावर हल्ला केला. जगाचे लक्ष दुसरीकडे आहे हे पाहून चीनने डाव साधला, असे आमच्याकडची वडीलधारी माणसे सांगत. हे खरे आहे का? आणि असे निर्णय घेणारे नेते खरोखरच हिशेब मांडून निर्णय घेतात, की त्यांचेही राग-लोभ आणि निवडणुका मध्ये येतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी तारखा पाहू. अमेरिकेच्या यू-२ विमानाने क्युबातल्या क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे टिपली १४ ऑक्टोबरला. अध्यक्ष केनेडींना ती १६ तारखेला सकाळी दाखवण्यात आली. पुढचा जवळपास आठवडा ही गोष्ट मूठभर माणसांतच राहिली आणि २२ तारखेच्या संध्याकाळी केनेडींनी ती दूरचित्रवाणीवरून जगाला सांगितली. चीनचा हल्ला त्याच्या दोन दिवस आधीच, २० ऑक्टोबरला पहाटे सुरू झाला होता, आणि इतक्या उंचीवर इतके सैन्य, तोफा आणि दारूगोळा काही रातोरात येत नाही. अमेरिकेच्या विमानाला काय दिसणार आणि केनेडी कोणत्या दिवशी बोलणार, हे पेकिंगला (म्हणजे बीजिंगला) आधी कळणे शक्य नव्हते. त्यामुळे दिवस जुळला तो योगायोगानेच, असे माझे मत आहे.

पण म्हणून चीनने वेळ पाहिलीच नव्हती, असे नाही. हिमालयात पावसाळा सरल्यापासून बर्फ पडेपर्यंतचे काही आठवडेच मोठ्या हालचालींना मिळतात. त्याहून मोठी गोष्ट वॉर्सात घडली होती. १९६२ च्या उन्हाळ्यात तैवानमधून चँग कै-शेक मुख्य भूमीवर उतरेल, अशी धास्ती चीनला होती. जूनमध्ये वॉर्सातल्या अमेरिकी राजदूताने चिनी राजदूताला सांगितले की, असल्या स्वारीला अमेरिकेचा पाठिंबा नाही. पूर्वेची काळजी मिटली आणि पश्चिमेकडे पाहायला सवड झाली. राहिला रशिया. त्याने त्याच ऑगस्टमध्ये भारताशी मिग विमानांचा करार केला होता. पण क्युबात गळ्यापर्यंत पाणी आल्यावर ख्रुश्चेव्हला चीनची नाराजी परवडेना. २५ ऑक्टोबरला ‘प्रावदा’ या रशियन वृत्तपत्राने चीनची बाजू उचलून धरली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, क्युबाचे संकट ओसरताच, सूर पुन्हा बदलला. क्युबामुळे हल्ला झाला नाही. पण आपला मित्र रशिया दहा-बारा दिवस चीनकडे झुकला तो क्युबामुळेच. तुमच्याकडची मंडळी तेवढ्यापुरती बरोबर होती.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाच महिन्यात वॉशिंग्टन आणि दिल्ली, दोन्हीकडे हुशार, जग पाहिलेली आणि लोकशाहीला बांधील माणसे निर्णय घेत होती. एकीकडे संकट निभावले, दुसरीकडे पुरता विचका झाला. अमेरिकेचे बळ मोठे होते, हे खरेच. पण बळाने सगळ्याचा उलगडा होत नाही, कारण हेच केनेडी दीड वर्षापूर्वी, एप्रिल १९६१ मध्ये, त्याच क्युबात ‘बे ऑफ पिग्ज’च्या स्वारीत तोंडघशी पडले होते. सल्लागारही बहुतांशी तेच. आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पुढे या दोन प्रसंगांची तुलना केली. त्याने दाखवले की पहिल्या वेळी खोलीतल्या अनेकांनी मनातली शंका गिळली, कारण बाकीचे सगळे ठाम दिसत होते. दुसऱ्या वेळी केनेडी मुद्दाम काही बैठकांतून उठून गेले; अध्यक्ष समोर नसला की माणसे मोकळी बोलतात.

केनेडींच्या मनात अपयश ताजे होते. नेहरूंच्या भोवतालच्या माणसांच्या मनात काय ताजे होते? गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये आपले सैन्य गोव्यात शिरले आणि दोन दिवसांत पोर्तुगीज शरण आले. वर्षानुवर्षे बोलणी टाळणाऱ्या सालाझारच्या राजवटीशी दुसरा मार्ग उरला नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या विजयाने दिल्लीतल्या काही जणांना असे वाटू लागले की ठाम पाऊल टाकले की समोरचा हटतो. दोनच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे होते आणि प्रचारात चीनची सीमा गाजत होती. मेनन दणदणीत मताधिक्याने निवडून आले. त्यांच्या चीनविषयक धोरणावर शंका घेणाऱ्यांचा आवाज त्यानंतर आणखी क्षीण झाला.

मग आला जुलै. लडाखमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले एक ठाणे चिनी सैनिकांनी वेढले. ठाण्यातले गुरखे हटले नाहीत, चिन्यांनी गोळी झाडली नाही, काही दिवसांनी ते थोडे मागे सरले. दिल्लीने निष्कर्ष काढला की आपण ठाम राहिलो की चीन कचरतो. पेकिंगचा निष्कर्ष नेमका उलटा होता. आपण संयम दाखवला आणि भारताने त्याला दुबळेपणा समजून आणखी ठाणी पुढे रेटली, असे त्यांना वाटले. आपल्या वागण्याला परिस्थिती कारणीभूत आणि समोरच्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव, ही माणसाची जुनी खोड आहे. रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७६ साली परराष्ट्रधोरणातल्या गैरसमजांवर पुस्तक लिहिले, त्यात ही खोड देशादेशांच्या व्यवहारात कशी उतरते ते दाखवले आहे. तिबेटमध्ये आपली घडी बसवू पाहणारा माओ दलाई लामांना दिलेल्या आश्रयाकडे आणि या ठाण्यांकडे एकाच कटाचे भाग म्हणून पाहत होता. आपण नकाशातली आपलीच जमीन राखत होतो.

आता राजकारण. नेहरूंना सीमेबाबत देवघेव करायची इच्छा होती की नव्हती, यावर इतिहासकार भांडत बसतात. मला वाटते, १९६० नंतर इच्छा असती तरी वाट उरली नव्हती. अक्साई चीनमधला चिनी रस्ता १९५७ सालीच पुरा झाला होता, पण संसदेला ते समजले १९५९ च्या ऑगस्टमध्ये. दडवले म्हणून सभागृह खवळले. मग नेहरू दुसऱ्या टोकाला गेले आणि चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांतून छापू लागले. त्याच ऑक्टोबरात, २१ तारखेला, कोंगका खिंडीत आपले पोलीस जवान मारले गेले (दरवर्षीचा पोलीस स्मृतिदिन त्यांचाच). आता प्रत्येक खलिता चहाच्या टपरीवरही वाचला जाऊ लागला. त्यात मार्च १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. महिनाभराने चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेला सीमा म्हणून आम्ही मॅकमोहन रेषा सोसून घेऊ, पश्चिमेला तुम्ही अक्साई चीन सोडा, असा त्यांचा रोख होता. तो मनातून पटला असता, तरी नेहरूंना आधी संसदेत दोन-तृतीयांश मते जमवावी लागली असती. चौ रिकाम्या हाताने परतले.

केनेडींची कोंडीही अशीच होती. ६ नोव्हेंबरला अमेरिकी काँग्रेसची निवडणूक होती, सिनेटर कीटिंग रोज क्युबावरून टोचत होते, आणि सप्टेंबरमध्ये केनेडींनी जाहीरपणे बजावले होते की क्युबात आक्रमक क्षेपणास्त्रे खपवून घेणार नाही. १६ ऑक्टोबरच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ते वैतागून म्हणतात की गेल्या महिन्यात, आम्हाला त्याची पर्वा नाही, असे म्हणून टाकले असते तर बरे झाले असते. स्वतःच्या शब्दांत माणूस कसा अडकतो, याची इतकी उघड कबुली सत्ताधाऱ्याच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळते.

नेहरूंचे शब्द १२ ऑक्टोबरचे. सप्टेंबरच्या ८ तारखेला पूर्वेच्या सीमेवरच्या ढोला ठाण्यापाशी चिनी उतरले, तेव्हा नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला निघाले होते. पुढे मेनन न्यूयॉर्कला गेले. चिन्यांना थागला डोंगरावरून हटवण्याचा आदेश २२ तारखेला निघाला. लष्करप्रमुख थापर यांनी तो लेखी मागितला आणि सहीही एका सहसचिवाची झाली. युद्धाचा म्हणावा असा निर्णय, आणि तो घेताना पंतप्रधानही जागेवर नाहीत, संरक्षणमंत्रीही नाहीत! १० ऑक्टोबरला नामका चू नदीच्या पलीकडे चकमक झाली, त्यात चिनी बळ किती आहे ते स्पष्ट दिसले. हटवण्याचा बेत मनातल्या मनात बारगळला होता. पण सिलोनला निघताना विमानतळावर पत्रकारांनी घेरल्यावर नेहरू म्हणाले की आमची जमीन मोकळी करा, असा हुकूम सैन्याला दिलेला आहे. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत भारत चिन्यांना हाकलणार, असे मथळे झळकले. नदीकाठी ब्रिगेडियर दळवींचे जवान तेव्हा सुती गणवेशात कुडकुडत होते आणि नव्या कोअरचे सेनापती कौल यांना आठवडाभरात आजारी म्हणून दिल्लीला आणावे लागले.

दोघेही बोलून बसले होते. फरक पडला तो पुढच्या आठवड्यात. केनेडींकडे लपवलेले सहा दिवस होते. पहिल्या दिवशी खोलीतल्या बहुतेकांना हवाई हल्ला हवा होता. जगाला काही कळू नये म्हणून अध्यक्ष प्रचारासाठी शिकागोला गेले आणि सर्दीचे निमित्त करून परतले. रविवारपर्यंत मत नाकेबंदीकडे वळले होते. मत बदलले म्हणून कोणाचे नाक कापले गेले नाही, कारण पहिले मत बाहेर कोणाला ठाऊकच नव्हते. २७ तारखेला क्युबावर यू-२ पाडले गेले आणि वैमानिक मेजर अँडरसन ठार झाला, तरी केनेडींनी प्रतिहल्ला थांबवला. त्याच रात्री धाकट्या भावाने रशियन राजदूत डोब्रिनिन यांना खासगीत सांगितले की तुर्कस्तानातली आमची क्षेपणास्त्रे यथावकाश निघतील, पण हे जाहीर करायचे नाही. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हने माघार जाहीर केली. अमेरिकी मतदाराला वाटले की आपला अध्यक्ष जराही वाकला नाही.

लोकशाहीच्या दृष्टीने ही लबाडीच होती. पण श्वेतपत्रिकांच्या दिल्लीत असली एक खोली कुठेच नव्हती, जिथे नेहरूंना सोमवारी एक म्हणून शुक्रवारी दुसरे म्हणता आले असते. त्यांना जी गुप्तता १९५७ ते १९५९ मध्ये मिळाली, ती त्यांनी अवेळी खर्च केली.

प्रश्न : मग अमेरिका क्युबात गुंतल्यामुळे आपल्याला मदत मिळायला उशीर झाला का?

उत्तर : फारसा नाही. उलट वॉशिंग्टनला सवड नसल्यामुळे राजदूत गॅल्ब्रेथ यांना दिल्लीत मोकळा हात मिळाला आणि त्यांनी मॅकमोहन रेषेला अमेरिकेची मान्यता जाहीर करून टाकली. शस्त्रेही नोव्हेंबरच्या आरंभी येऊ लागली. सेला खिंड पडल्यावर १९ तारखेला नेहरूंनी केनेडींना पत्रे लिहून लढाऊ विमानांची बारा पथके मागितली. ज्यांनी अलिप्ततेची उभारणी केली, त्यांनी ही पत्रे कोणत्या मनःस्थितीत लिहिली असतील! केनेडींनी क्युबाची नाकेबंदी उठवल्याचे २० तारखेला सांगितले आणि त्याच सुमारास चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. हाही योगायोग म्हणायचा का? इथे मी तेवढा ठाम नाही. पण चीनला हवे होते ते मिळाले होते आणि बर्फ जवळ आले होते.

प्रश्न : आमच्या कराडच्या यशवंतरावांबद्दल काही सांगाल का?

उत्तर : लोकक्षोभापुढे मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी मुंबईहून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना बोलावून घेतले. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली २१ नोव्हेंबरला, म्हणजे लढाई थांबली त्याच दिवशी. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ धावला खरा, पण त्याच्या वाट्याला लढाई नव्हे, निस्तरणे आले. चुका कुठे झाल्या हे शोधायला लष्कराने ले. ज. हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रि. भगत यांना नेमले. त्यांच्या निष्कर्षांचा सारांश यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत सांगितला. केनेडींच्या खोलीतली ध्वनिमुद्रणे १९९० च्या दशकात खुली झाली. हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने बाहेर आणला. सरकारने तो अजून प्रसिद्ध केलेला नाही.