सोमवारचा कूलर, रविवारची एसटी

यवतमाळात राहून पुण्या-हैदराबादच्या कंपनीचं काम करणारी पोरं-पोरी आता गल्लोगल्ली आहेत. त्यांचा दिवसभराचा प्रवास म्हणजे खुर्ची ते फ्रिज. ही कृती त्यांच्यासाठी. ऑक्टोबरात सुरुवात करायची आणि डिसेंबरातल्या एका रविवारी कळंब-सेवाग्राम एकट्यानं करून यायचं. त्यात वर्धा ते सेवाग्राम आठेक किलोमीटर पायी.

पहिलं काम टेबलावरचं. पाण्याची मोठी बाटली तिथून उचला आणि छोटा पेला ठेवा. पेला रिकामा झाला की उठून माठापर्यंत जावंच लागतं. कॅमेरा बंद असलेला प्रत्येक कॉल उभ्यानं घ्या, जमल्यास फिरत.

मग कूलर. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो सुरूच असतो. पाइप लावून टाकी भरायची सोय असली तरी महिनाभर ती विसरा. आधी बटण बंद, मग पिन काढा. ओल्या हातानं कूलरला शिवणं म्हणजे शॉकला आमंत्रण. दोन बादल्या अर्ध्याच भरा आणि दोन्ही हातांत एकेक घ्या. एकच भरलेली बादली नेली तर अंग एका बाजूला कलतं. उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसून उठा. चार-पाच खेपांत टाकी भरते, आणि मांड्या कुठे असतात तेही कळतं. दिवाळीनंतर कूलर बंद झाला की त्याच बादल्या गच्चीवरच्या कुंड्यांसाठी.

चालणं सकाळचंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. नोव्हेंबरात एका रविवारी निळोण्याच्या धरणाकडे चालत जाऊन या आणि जे बूट डिसेंबरात घालणार तेच घाला. नवे बूट घालून प्रवासाला निघणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता प्रवास. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून यवतमाळकराची भिस्त एसटीवर. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकीट अर्धंच लागतं, त्यामुळे एकटीनं निघणारीला हा प्रवास आणखी स्वस्त. कळंब वीस-बावीस किलोमीटर. तिथलं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं. परत चढताना दम लागला नाही, तर बादल्या कामी आल्या असं समजा.

कळंबहून वर्ध्याला रेल्वेनं जाता आलं तर बघा. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला. वाटेत भिडी, देवळी लागतात. गाडीचा वार आणि वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवा. जुळत नसेल तर हट्ट न धरता एसटी पकडा. डिसेंबरात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. मोबाइल खिशात ठेवा.

पिशवीत बेसन-पोळी, पाणी, दुपट्टा, एक स्वेटर आणि सुट्टे पैसे. बाकी काही नको. वर्ध्यात दोन संत्री घ्या आणि चालायला लागा. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामात राहायला आले. आदी निवास आणि बापू कुटी पाहा. मातीच्या भिंती, बसकी छपरं, जमिनीवरची बैठक! तिथं बसून कामं करणाऱ्या माणसाला फिरायला जायची आठवण कुणी करून द्यावी लागत नव्हती.

घरी कुणाला तरी सकाळीच सांगून ठेवा: कुठे चाललो, कितीला परतणार. येताना पाय दुखत असतील तर वर्ध्यापर्यंत खुशाल ऑटोनं या. मात्र यवतमाळची शेवटची एसटी कितीची, हे सकाळी वर्ध्यात उतरल्या-उतरल्याच चौकशी खिडकीवर विचारून घ्या.