इंजिनाचा श्वास : मोटारीला नवी हवेची गाळणी बसविताना

मोटार पेट्रोलवर चालते, असे आपण सहज बोलून जातो. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर हे विधान अपुरे ठरते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळावयाचे असेल, तर सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या जवळपास भरते; म्हणजे त्यासाठी ११ किलोग्रॅम हवा हवी. साध्या तापमानात, समुद्रसपाटीवर, एवढी हवा सुमारे ९ हजार लिटर जागा व्यापते. टाकीत ३५ लिटर पेट्रोल भरून निघालेली मोटार ते संपेपर्यंत तीन लाख लिटरांहून अधिक हवा आत ओढते, आणि ही सारी हवा शाळकरी वहीएवढ्या आकाराच्या एका घडीदार कागदातून जाते. त्या कागदाला एअर फिल्टर म्हणतात. येथे त्यास गाळणी असेच म्हणू.

मूळची गाळणी काढून बाजारात मिळणारी दुसरी गाळणी बसविण्याची आवड तरुण मोटारमालकांत बरीच दिसते. अशा गाळण्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार मूळ गाळणीच्याच आकाराचा असून जुन्या पेटीत तो नेमका बसतो. त्यात कागदाऐवजी बहुधा तेल लावलेल्या सुती कापडाचे थर असतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीच्या अशा गाळण्या जगभर प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या प्रकारात मूळ पेटीच काढून टाकतात व तिच्या जागी एक रुंद नळी आणि तिच्या टोकास शंकूच्या आकाराची उघडी गाळणी लावतात. दोहोंविषयी सांगितले जाते ते एकच : इंजिन मोकळा श्वास घेईल, शक्ती वाढेल, पेट्रोल वाचेल. या म्हणण्यात तथ्य किती, हे शालेय पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासता येते.

लाभाची मर्यादा

गाळणीतून जाताना हवेला अडथळा होतो, म्हणून गाळणीच्या आतल्या बाजूस हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो. हा फरक मोजण्यास फार मोठे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरावे, एक टोक मोकळे ठेवावे व दुसरे टोक गाळणीच्या आतल्या बाजूस जोडावे. इंजिन हवा ओढू लागले की एका भुजेतील पाणी चढते व दुसरीतील उतरते. दोन पातळ्यांतील अंतर हेच दाबातील फरकाचे माप. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग अवश्य करावा. मात्र यू नळीची प्रत्येक भुजा निदान एक मीटर उंच असावी, नाही तर पाणी इंजिनात ओढले जाण्याचा धोका राहतो.

असे धरू की, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना व इंजिन वेगाने फिरत असताना हे अंतर २० सेंटिमीटर भरले. वातावरणाचा एकंदर दाब सुमारे १,०३३ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. २० हा त्याचा दोन टक्क्यांहूनही किंचित कमी भाग झाला. आता गाळणी व तिची पेटी साफ काढून टाकली, म्हणजे जगातील सर्वांत मोकळी गाळणी बसविली असे समजले, तरी इंजिनात जाणारी हवा फार तर दोन टक्क्यांनी वाढेल. शक्ती जवळपास हवेच्या प्रमाणात वाढते असे मानल्यास ८० अश्वशक्तीच्या इंजिनास दीड अश्वशक्तीचा लाभ झाला. प्रत्यक्षातील गाळणी, ती कितीही उत्तम असली तरी, थोडा अडथळा करणारच. म्हणून खरा लाभ याहूनही कमी असतो. निरनिराळ्या मोटारींत २० च्या जागी दुसरा आकडा येईल. हिशेबाची रीत मात्र तीच राहील, आणि जाहिरातीतील आकडा शक्य कोटीतील आहे की नाही हे तिने लगेच कळते.

तुलनेसाठी दुसरे उदाहरण घेऊ. मुंबईहून निघून घाट चढून पुण्यास आलेली मोटार समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर येते. तेथे हवेचा दाब मुंबईच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी तर दाब सपाटीच्या दोनतृतीयांशाएवढाच उरतो. पुण्यास पोहोचताना झालेली शक्तीतील घट ज्या चालकाच्या ध्यानातही येत नाही, त्यास तिच्या एकतृतीयांश वाढ मात्र स्पष्ट जाणवते, हे नवलच म्हणावयाचे. या जाणिवेचे कारण बहुधा कानात असते. ते पुढे येईल.

वरचा हिशेब ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असतानाचा आहे. रोजच्या चालविण्यात असा प्रसंग क्वचित येतो. पेट्रोलच्या इंजिनात गाळणीच्या पुढे थ्रॉटल नावाची एक झडप असते, आणि ॲक्सिलरेटर दाबून चालक वस्तुतः ही झडपच उघडत असतो. सपाट रस्त्यावर संथ वेगाने जाताना झडप इतकी मिटलेली असते की तिच्या पलीकडील दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. शहाळ्याचे पाणी पिताना नळी मध्येच चिमटीत धरली, तर खालचे तोंड कितीही रुंद केले तरी घोट मोठा होत नाही. तशीच ही स्थिती होय. चालकाने स्वतःच दार लोटून घेतलेले असताना अंगणाचे फाटक रुंद करून काय होणार?

पेट्रोल वाचते या समजुतीसही एके काळी आधार होता. कार्बुरेटरच्या जुन्या मोटारींत गाळणी धुळीने तुंबली की हवा कमी व पेट्रोल जास्त असे मिश्रण होई, आणि पेट्रोल खरोखरच वाया जाई. आजच्या मोटारींत धुराच्या नळीतील ऑक्सिजनचा सेन्सर मिश्रणावर सतत लक्ष ठेवतो व पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी-अधिक केले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मोटारींच्या गाळण्या मुद्दाम तुंबवून चाचण्या घेतल्या. पेट्रोलच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेग घेण्यास मात्र तुंबलेल्या गाळणीने अधिक वेळ लागला. तात्पर्य, जुनी तुंबलेली गाळणी बदलून साधी नवी गाळणी घातली तरी मोटार चपळ होते, आणि हे श्रेय पुष्कळदा महागड्या गाळणीच्या पदरात पडते.

धूळ

लाभाची बाजू अशी दोन टक्क्यांच्या आत आटोपते. दुसरी बाजू पाहण्यासाठी गाळणी मुळात कशासाठी असते हे लक्षात घेतले पाहिजे. १९०८ साली निघालेली फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार गाळणीवाचूनच कारखान्यातून बाहेर पडे, आणि त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर इंजिने लवकर झिजत. रस्त्यावरील धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. मोह्सच्या कठिणतेच्या मापात त्यांचा अंक ७ आहे. सिलिंडरच्या बिडापेक्षा ते कठीण असतात. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉनच असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या थराची कल्पना यावी. पाच ते वीस मायक्रॉनांचा कण या थरात शिरला की तो कानशीसारखे काम करतो. डोळ्यांना दिसणारी वाळू येथे तितकीशी घातक नसते. ती कोणतीही गाळणी अडविते.

हे बारीक कण कसे अडतात, हे मोठे मनोरंजक आहे. गाळणी म्हणजे चहाच्या गाळणीसारखी नुसती जाळी, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः तंतूंमधील फटी पुष्कळ कणांहून मोठ्या असतात. हवा तंतूला वळसा घालून जाते. कण जड असल्यामुळे त्याला तितक्या चटकन वळता येत नाही, व तो तंतूवर आदळून तेथेच चिकटतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात व भटकताना तंतूस लागतात. पुढे अडलेल्या धुळीचाच एक थर तयार होतो, आणि तो थर नव्या धुळीस अडवू लागतो. म्हणून थोडी वापरलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षा अधिक चांगले गाळते! दर महिन्यास गाळणी बाहेर काढून तिच्यावर जोराने हवा मारण्याची आपल्याकडील गॅरेजांतील पद्धत या दृष्टीने अनिष्टच होय. त्या झोताने उपयोगी थर तर जातोच, शिवाय कागदास न दिसणारी छिद्रे पडण्याचा संभव असतो.

फटी मोठ्या केल्याशिवाय, किंवा गाळणीचे क्षेत्रफळ वाढविल्याशिवाय, हवेचा अडथळा कमी होत नाही. क्षेत्रफळ वाढविण्यास पेटीत जागा नसते. तेव्हा मोकळेपणा बहुधा गाळण्याच्या गुणातून वजा होतो. समजा, एक गाळणी धुळीचे ९९ टक्के व दुसरी ९७ टक्के कण अडविते. फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. परंतु इंजिनाचा संबंध अडलेल्या धुळीशी नसून निसटलेल्या धुळीशी असतो, आणि ती पहिल्या गाळणीतून शंभरात एक भाग तर दुसरीतून तीन भाग निसटते; म्हणजे इंजिनात तिप्पट धूळ गेली. गाळण्यांची अशी तुलना करण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ठरावीक जातीची धूळ ठरावीक वेगाने सोडून अडलेली व निसटलेली धूळ तीत मोजतात. विकत घेताना या चाचणीचे आकडे मागावेत. जो विक्रेता अश्वशक्ती सांगतो पण हे आकडे सांगत नाही, त्याच्याकडून गाळणी न घेणे बरे. सिमेंटच्या शहरी रस्त्यावर हा फरक अनेक वर्षे जाणवणार नाही. राजस्थानात, खाणींच्या परिसरात किंवा उन्हाळ्यातील खेड्यांच्या वाटांवर तो लवकर प्रकट होतो. शेतातील ट्रॅक्टरांत हवा प्रथम भोवऱ्यासारखी फिरवून किंवा तेलाच्या कुंडावरून नेऊन जड धूळ आधीच वेगळी काढतात, ती याच कारणासाठी.

उष्णता, आवाज व पाणी

उघड्या शंकूच्या गाळणीस आणखी एक अडचण असते. कारखान्यातील पेटी बहुधा बाहेरची गार हवा घेते. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसची हवा ७० अंशांची झाली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे १२ टक्के हवा कमी भरते. धावत्या मोटारीत बॉनेटखाली वारा खेळतो व हे नुकसान घटते. पण शहरातील गर्दीत, दोन टक्क्यांच्या लाभापायी बारा टक्के गमावण्याचा हा व्यवहार होतो. थंड देशांतील कार्बुरेटरच्या मोटारींत हिवाळ्यात मुद्दाम गरम हवा घेण्याची सोय असे, ही गोष्ट निराळी.

मूळची पेटी आवाजही शोषून घेते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ठरावीक स्वर निघतो; या घटनेचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी केला होता. त्याच तत्त्वावर पेटीला जोडलेल्या पोकळ्या इंजिनाच्या श्वासाचा घोगरा आवाज दाबून टाकतात. पेटी गेली की हा आवाज मोकळा होतो, आणि चालकास मोटार अधिक जोरात धावत असल्याचा भास होतो.

उष्णता टाळण्यासाठी काही जण नळी लांबवून गाळणी बंपरच्या मागे, चाकाजवळ खाली बसवितात. हवा गार मिळते हे खरे. परंतु पाणी दाबले जात नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना गाळणी बुडाली व सिलिंडरमध्ये पाणी शिरले, की वर येणारा पिस्टन जागच्या जागी अडतो आणि त्याला जोडणारा दांडा वाकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असे दिवस क्वचित येतात; गुडघाभर पाणी मात्र आपल्या बहुतेक शहरांत दर पावसाळ्यात साचते. मूळच्या पेटीचे तोंड उंचावर ठेवलेले असते ते उगाच नव्हे.

बसविण्याची रीत

मूळ आकाराची गाळणी बदलणे सोपे आहे, पण ते स्वच्छ हातांनी व्हावे. इंजिन थंड होऊ द्यावे. पेटीच्या क्लिपा सोडण्यापूर्वी वरची धूळ पुसून घ्यावी. नाही तर झाकण उघडताच तीच आत पडते. जुनी गाळणी काढल्यावर पेटीचा तळ ओल्या फडक्याने पुसावा व तेवढा वेळ इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड झाकून ठेवावे. फडके आत राहून गेले तर इंजिन ते गिळण्यास चुकत नाही, म्हणून ते मोठे व ठळक रंगाचे असावे. गाळणीच्या कडेचा रबरी काठ खोबणीत सर्व बाजूंनी बसला आहे हे बोट फिरवून पाहावे. काठाशी राहिलेली फट म्हणजे गाळणीला टाळून जाणारी वाटच होय.

संपूर्ण नळी बदलावयाची असल्यास बॅटरीची ऋण बाजू आधी सोडावी. अनेक मोटारींत नळीवर हवा मोजणारा सेन्सर असतो. तापविलेल्या एका बारीक तारेभोवतून वाहणारी हवा तिला किती थंड करते, यावरून तो हवेचे माप काढतो. हे माप मूळ नळीच्या व्यासास धरून ठरविलेले असते. नव्या नळीचा व्यास निराळा असला तर माप चुकते व मिश्रण बिघडते. सुती गाळणीस तेल जादा लावले, तर ते उडून याच तारेवर बसू शकते. सबब धुतलेली गाळणी उन्हात न ठेवता सावलीत पूर्ण वाळवावी, तेल बेताचे लावावे, आणि ते सर्वत्र पसरेपर्यंत ती बसवू नये. इंजिनाच्या तळातील वाफ आणणारी बारीक नळी पुन्हा जोडण्याचे विसरू नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच आकाराची गाळणी बदलण्यात तसा प्रश्न येत नाही. आवाज व धूर यांच्या मर्यादा मात्र सर्वांनाच लागू आहेत. कॅलिफोर्नियात तर अशा नळ्यांना तेथील हवा-मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो.

नवी गाळणी बसविल्यावर हजार किलोमीटरांनी एक साधी तपासणी करावी. इंजिन बंद करून गाळणीच्या पलीकडची, इंजिनाच्या बाजूची नळी उघडावी व तिच्या आतून पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. फडके पांढरेच राहिले तर गाळणी व तिचा काठ दोन्ही ठीक आहेत. त्यावर तांबूस धुळीची रेघ उमटली, तर ती धूळ गाळणीतून आली की काठाजवळून, याचा शोध लागेपर्यंत मूळची गाळणी परत बसवावी. म्हणून ती टाकून दिलेली नसावी.