मोत्याचं चित्र काढताना

चि. मृण्मयीस,


शेजारच्या काकूंच्या गेलेल्या कुत्र्याचं, मोत्याचं चित्र तू करायला घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. काम नाजूक आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

तू पाठवलेले फोटो पाहिले. मोबाइल अगदी तोंडाजवळ नेऊन काढल्यामुळे सगळ्यांत नाक मोठं आणि कान लहान आलेत. ते जसेच्या तसे उतरवलेस तर मोत्या ओळखू येणार नाही. फ्लॅशने हिरवे चमकलेले डोळे तर सोडूनच दे. लांबून, खिडकीच्या उजेडात काढलेला एखादा फोटो आहे का, विचार.

त्याहीआधी काकूंजवळ बस. तो कुठे पडून राहायचा, हाक मारली की कोणता कान आधी उभा व्हायचा, मान कशी कलवायचा, सगळं विचारून घे. मोत्या गावठी होता हे एका परीने चांगलंच. जातिवंत कुत्रा काढताना हात नकळत त्या जातीचा ठरीव नमुना काढू लागतो. इथे तुला तो आधारच नाही, नीट बघावंच लागेल.

चेहऱ्यावर माणसाचे भाव मात्र चढवू नकोस. एडविन लँडसीअरचं १८३७ चं 'द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर' हे चित्र मोठं करून बघ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे ते. म्हाताऱ्या मेंढपाळाच्या शवपेटीवर त्याच्या कुत्र्याने हनुवटी टेकली आहे, एवढंच. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. लाकडावर रेललेल्या अंगाचा भार पाहूनच गळा दाटून येतो. याच लँडसीअरने पुढे एका पूडलला न्यायाधीशासारखं बसवलं. तिथे कसब दिसतं, पण कुत्रा हरवतो, असं मला वाटतं.

डेव्हिड हॉकनीने १९९५ मध्ये स्टॅनली आणि बूजी या आपल्या दोन डॅक्सहुंडांची चित्रं केली. दार वाजलं की दोघे उठून पळणार, म्हणून त्याने घरभर कागद मांडून ठेवले होते. तुझ्यासमोर मोत्या नाही. पण दुपारी गल्लीत झोपलेल्या कुत्र्यांची भराभर रेखाटनं कर. कातडीखाली खांद्याचं हाड कुठे असतं, हे फोटोत कळत नाही.

मोत्यासाठी काळा रंग ट्यूबमधून सरळ घेऊ नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळ. उजेडाकडच्या केसांत निळसर झाक ठेव, पोटाखाली तपकिरी. केस सगळ्यात शेवटी, आणि तेही नाकापासून मागे, जसे वाढतात तसे. डोळ्यातला पांढरा ठिपका खिडकी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला दे.

रंगाला हात लावण्याआधी कच्चं रेखाटन काकूंना दाखव. "हा आमचा नव्हे," म्हणाल्या, तर फोटो काहीही सांगो, त्यांचंच खरं मान आणि पुन्हा काढ. मलाही पाठव.

तुझी,
आत्या