गतका राष्ट्रीय पातळीवर खेळायचाय? आधी हिशेब मांडा

नांदेडकरांना गतका (शिखांची सोटी-ढालीची युद्धकला) नवा नाही. दसऱ्याच्या हल्ला महल्ल्यात, होळीच्या मिरवणुकीत सोटी फिरवणारी पोरं सगळ्यांनी पाहिली आहेत. पण मिरवणुकीतलं प्रदर्शन वेगळं आणि गुणांवर, पंचांसमोर होणारी स्पर्धा वेगळी. प्रदर्शनाला टाळ्या मिळतात, क्रीडा प्रमाणपत्र मिळत नाही.

स्पर्धेचा गतका गेल्या काही वर्षांत झपाट्याने पुढे आला. जून 2022 मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब, योगासन, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांच्यासोबत गतका पहिल्यांदा आला. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो होता. 2025 च्या उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र नव्हता. म्हणून ‘पुढच्या वर्षी नॅशनल गेम्स पक्के’ असं सांगून कुणी आज पैसे मागत असेल तर थांबा.

रस्ते दोन, पावत्याही वेगळ्या

पहिला रस्ता शाळेचा. तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. प्रवेशिका शाळेमार्फत किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच जाते. क्लास किंवा अकादमी ती परस्पर भरू शकत नाही. नांदेड जिल्हा लातूर क्रीडा विभागात येतो, त्यामुळे नांदेडच्या मुलांची विभागाची कामं लातूरच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून होतात. जून-जुलैमध्येच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचारा. यंदाच्या शालेय खेळांच्या यादीत गतका आहे का? असल्यास अनुदानित खेळांत आहे की विनाअनुदानित? विनाअनुदानित असेल तर प्रवास, राहणं आणि जेवण यांचा बराच भार तुमच्यावर येतो.

दुसरा रस्ता संघटनेचा. जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना, तिच्यावर राष्ट्रीय संघटना. इथंच खरी गुंतागुंत आहे. देशपातळीवर गतक्याच्या एकाहून अधिक संघटना आहेत; नॅशनल गतका असोसिएशन ऑफ इंडिया आणि गतका फेडरेशन ऑफ इंडिया ही त्यांतली दोन नावं. दोन्हीकडे ‘राष्ट्रीय स्पर्धा’ होऊ शकते, पण नोकरीच्या अर्जाला दोन्ही प्रमाणपत्रं सारखीच चालतील असं नाही.

कागद: एकदाच फाइल करा

जन्मदाखला, आधार कार्ड, चालू वर्षाचं बोनाफाईड, मागच्या इयत्तेची गुणपत्रिका, शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा, पासपोर्ट आकाराचे फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, पालकांचं संमतीपत्र, बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळ्यांचे स्कॅन फोनमध्ये ठेवा, झेरॉक्सचे तीन संच घरी. मूळ कागद संघटनेच्या कुणाकडेही ‘ठेवायला’ देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

आधार, शाळा आणि जन्मदाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. फरक असेल तर सुट्टीतच दुरुस्त करून घ्या. जन्माची नोंद खूप उशिरा झालेली असेल तर वयाच्या तपासणीत प्रश्न निघतात, अशा वेळी प्रवेश निर्गम उतारा उपयोगी पडतो.

खर्च किती धरायचा?

*शिकणं.* नांदेडमध्ये गुरुद्वारा परिसरातल्या जथ्यांत शिकवणं बहुधा सेवा म्हणूनच होतं. खासगी क्लासला महिना पाचशे ते हजार धरा. वर्षाची फी एकरकमी भरू नका, तीन महिन्यांची भरा. गतक्याला कराटेसारखे पट्टे नाहीत. त्यामुळे ‘बेल्ट परीक्षा’ नावाची फी कुणी लावली तर कारण विचारा. स्पर्धेत उतरायला शीख असण्याची अट नाही.

*साहित्य.* सोटी, फर्री म्हणजे छोटी ढाल, डोक्याचं संरक्षण आणि पोशाख. सुरुवात दोन हजारांच्या आत भागते. स्पर्धेसाठी सोटीची लांबी आणि वजन ठरलेलं असतं, म्हणून संबंधित संघटनेची चालू नियमपुस्तिका पाहिल्याशिवाय महागडी सोटी घेऊ नका.

*प्रवास.* लातूरहून नांदेडला अहमदपूर-लोहा मार्गे सुमारे 140 किलोमीटर. साध्या एसटीला तीन-साडेतीन तास आणि अडीचशेच्या आसपास तिकीट. मुली आणि महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. संघाच्या नावाखाली गाडी ठरवून मुलींकडून पूर्ण पैसे घेतले जात असतील तर एसटीचा पर्याय मांडा.

राष्ट्रीय स्पर्धा पंजाबकडे असेल तर नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस सोयीची. दीड दिवस लागतो, स्लीपरचं एका बाजूचं भाडं आठशे ते नऊशेच्या घरात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण संघाची यादी बहुतेकदा त्यानंतरच लागते आणि मग तत्काळ काढावं लागतं. स्लीपरच्या तत्काळला तिकिटामागे 100 ते 200 रुपये जादा, खिडकी सकाळी 11 वाजता, आणि कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य. जाणं-येणं, खाणं आणि किरकोळ धरून एका खेळाडूचे सात-आठ हजार बाजूला ठेवा. पालक सोबत जाणार असतील तर दुप्पट.

रेल्वेची खेळाडूंसाठीची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. ‘सवलतीचा फॉर्म करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी आरक्षण खिडकीवर विचारा.

न सांगितलेले खर्च

निवड चाचणीची फी वेगळी, नोंदणी वेगळी, ओळखपत्र वेगळं, ‘संघाचा ट्रॅकसूट’ सक्तीचा, स्पर्धा संपल्यावर प्रमाणपत्राचे आणखी पैसे. एकेक रक्कम छोटी वाटते, बेरीज मोठी होते. म्हणून पहिल्या दिवशीच म्हणा, ‘शेवटपर्यंतचा एकूण आकडा लिहून द्या.’

पैसे संस्थेच्या बँक खात्यावर भरा, प्रशिक्षकाच्या वैयक्तिक फोन नंबरवर नाही. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक हवा. मुक्कामी संघात मुली असतील तर महिला व्यवस्थापक कोण, तिचं नाव आणि फोन नंबर निघण्याआधी घ्या.

दोन ठिकाणी विशेष सावध राहा. पहिलं, शेजारच्या देशातली ‘खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा’, जिथं निवड चाचणी नसते आणि पैसे भरणारा प्रत्येक जण भारताचा खेळाडू होतो. दुसरं, खेलो इंडियासाठी ‘खर्चाचे’ पैसे मागणं. राज्याच्या संघात निवड झालेल्या खेळाडूचा प्रवास आणि राहणं-जेवण तिथं सरकारी खर्चाने होतं. उलट, खेलो इंडिया शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर खेळाडूला महिना 10,000 रुपये हातखर्च मिळतो.

प्रमाणपत्र नेमकं कुठं चालतं?

दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, या दोन गोष्टींसाठी बहुतेक पालक धडपडतात. दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि पदक दोन्हीकडे आपोआप चालत नाही. नोकरीसाठी प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. राज्यात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं उघड झाल्यापासून ही छाननी कडक आहे. जाहिरात निघाल्यावर धावू नका. प्रमाणपत्र हातात पडताच अर्ज करा.

केंद्राच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू भरतीची यादी सप्टेंबर 2020 मध्ये 43 वरून 63 खेळांवर गेली. कुडो, वुशू, पेंचाक सिलाट आणि मल्लखांब तेव्हा आत आले, गतका नाही. यादी बदलत असते, म्हणून तोंडी आश्वासन न घेता चालू आदेशाची प्रत मागा.

कुठली संघटना मान्य आहे हे कुणी सांगत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्ज द्या. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि हे उत्तर पुढे पडताळणीच्या वेळीही कामी येतं.

तुम्हालाच स्पर्धा भरवायची असेल तर

स्थानिक स्पर्धा वाढल्याशिवाय राष्ट्रीय पातळीवर आपली मुलं टिकणार नाहीत. त्यासाठी आधी संस्था हवी. किमान सात सभासद, संस्था नोंदणी आणि सार्वजनिक न्यास नोंदणी. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. सरकारी फी किरकोळ असते, एजंट मात्र हजारांत मागतात. नोंदणीनंतर दर वर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज लागतो. तो राहिला की संस्था कागदावर अडकते. राज्य संघटनेची संलग्नता लेखी घ्या, आणि ती वरच्या कोणत्या संघटनेशी जोडलेली आहे हेही.

अंदाजपत्रकात हॉलचं भाडं, बाहेरून येणाऱ्या पंचांचा प्रवास आणि मानधन, पदकं, डॉक्टर, उभी रुग्णवाहिका, ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि खेळाडूंचा अपघात विमा धरा. 108 ची गाडी आपत्कालीन आहे, ती दिवसभर मैदानावर थांबणार नाही. नांदेडला एक मोठी सोय आहे. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत खोल्यांसाठी वेळेत पत्र दिलं तर राहण्याचा खर्च बराच उतरतो, आणि लंगर सर्वांना खुलं आहे. लातूरला ही सोय नाही. तिथं शाळेच्या वसतिगृहाशी सुट्टीच्या दिवसांसाठी आधीच बोलून ठेवा.

लागलं किंवा फसवणूक झाली तर

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय त्याच विभागाचं. खासगीत गेलात तर बिल आणि केसपेपर जपा, विम्याच्या दाव्याला मूळ प्रती लागतात.

पैसे घेऊन स्पर्धाच झाली नाही किंवा प्रमाणपत्र मिळालं नाही, तर आधी संस्थेला लेखी नोटीस द्या. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पावती नसेल तर मात्र हे सगळं अवघड होतं.

म्हणून मुलाला खुशाल खेळू द्या, पण पहिला हप्ता भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: एकूण खर्च, संघटनेची संलग्नता आणि प्रमाणपत्र कोणाच्या सहीने मिळणार. या तीनपैकी एकही लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे नाव नोंदवू नका.